पिवळा डबा, पांढरा डबा, निळा डबा

प्रिय बटण्या,

आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मला विसरण्याचा आजार नाही. मागच्या खेपेला त्या ‘बहुधा नाही’ म्हणाल्या होत्या, आज तो ‘बहुधा’ त्यांनी काढून टाकला. तुझी ताई आणि जावईबापू माझ्या दोन बाजूंना बसले होते, तेव्हा साक्षीदारही आहेत. बाईंनी मला पुन्हा एकदा कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. पहिल्या खेपेला काढलेलं त्यांनी जपून ठेवलं होतं, तेही शेजारी मांडलं. नाटकात कुणाची एंट्री चुकली की सगळे विंगेत एकावर एक दाटी करतात ना, तसे त्या घड्याळातले आकडे एका कडेला गोळा झाले होते आणि बाकीची चकती रिकामी. ते माझ्या हातचं आहे यावर माझा विश्वास बसेना. आजचं घड्याळ गोल आलं, आकडे जागच्या जागी, काटे सांगितलेल्या वेळेवर. खाली मी न सांगता एक लंबकही काढून दिला. बाई म्हणाल्या, “आजी, लंबक मागितला नव्हता हो.” मी म्हटलं, असू दे, कापड उरलं होतं.

तर हे पत्र मी स्वतः लिहिते आहे, खिडकीजवळच्या शिवणाच्या टेबलावर, चष्मा लावून, कुणी सांगितलेलं उतरवून न घेता. अक्षर बघ. थोडं थरथरतंय, पण ते वयाचं आहे. तू परवा फोनवर ताईला म्हणालास ते मी ऐकलं. फोन स्पीकरवर होता आणि माझे कान कधीच बिघडले नव्हते. “गोळ्या बंद केल्या म्हणून चार दिवस बरी वाटत असेल, ताई. उगाच आशा लावून घेऊ नकोस. मी येतो, आपण दोघं सह्या करू आणि ती खोली पक्की करू.” मला राग आला नाही. त्या वृद्धनिवासातली ती खोली ताईने किती काळजीने निवडली ते मला माहीत आहे. तळमजला, अंगणाकडे खिडकी, न्हाणीघरात धरायला दांडे. तुम्ही दोघं मला टाकायला निघाला नव्हता, सांभाळायला निघाला होता. फक्त तुम्ही जिला सांभाळणार होता ती बाई आता या घरात राहत नाही. तिच्या जागी मी परत आले आहे, आणि मला माझ्याच घरात, माझ्या मशीनपाशी राहायचं आहे. तू येऊन काय ठरवणार ते मला कळत नाही, म्हणून आधीच सगळं सांगते.

तू तेव्हा खूप लांब होतास, तुला अर्ध्याच गोष्टी कळल्या. मला आतून कसं होतं ते तर कुणालाच कळलं नाही. विसरणं म्हणजे काहीतरी हरवणं असं आपल्याला वाटतं. तसं नव्हतं. मला काही हरवल्यासारखं वाटतच नव्हतं! नाटकात कधी नट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये एक जाळीचा पडदा सोडतात, त्यातून सगळं दिसतं पण धुक्यातल्यासारखं, तशी मी त्या जाळीच्या मागे होते, आणि मला तेच खरं वाटत होतं. दाराशी खुंटीवर जावईबापूंचा ओव्हरकोट टांगलेला असायचा. मी त्याच्यापाशी जाऊन कॉलर सारखी करायची आणि म्हणायची, “चला, तुमची एंट्री आली, जा लवकर.” कोट हलला नाही की चिडायची. ताई सांगते, एकदा मी त्याच्या अंगावरून हात फिरवून त्याला धीर दिला, पहिल्या प्रयोगाला सगळेच घाबरतात म्हणाले. ती आता हे हसत हसत सांगते. तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन रडली होती, हे मला जावईबापूंनी सांगितलं.

आणि तुझा तो व्हिडिओ कॉल. तू पडद्यावर आलास, मी तुझ्याकडे नीट पाहिलं आणि अगदी अदबीने म्हणाले, “बसा ना. तुम्ही कुणाकडे आलात?” तू हसलास. मग हसू थांबलं. ते मला आठवतं, तुझं थांबलेलं हसू. का थांबलं ते तेव्हा कळलं नव्हतं. पण चेहरा कुठेतरी आत साठून राहिला होता, आणि धुकं गेल्यावर एका दुपारी भांडी पुसताना तो नावासकट समोर आला. मी हातातली बशी खाली ठेवली आणि खुर्चीवर बसले. बटण्या, तो तू होतास! माझ्या पोटचा पोरगा, ज्याने लहानपणी माझ्या डब्यातलं सेनापतीच्या कोटाचं पितळी बटण गिळलं, आणि ज्याच्यापायी मी आणि तुझे बाबा दोन दिवस ते बाहेर येण्याची वाट बघत बसलो. त्या बटणासाठी प्रयोग अडला होता. ते शेवटी मिळालं, धुतलं, लावलं, आणि सेनापतीला मी कधी सांगितलं नाही.

आता मुख्य गोष्ट. हे घडलं कसं? ज्या सवयीवर माझं पोट भरलं, तिच्यामुळेच घडलं. कपडेपटात कामाला लागल्यापासून मी प्रत्येक गोष्ट मूळ पाकिटातून काढून रंगाप्रमाणे डब्यात टाकते. टाचण्या, हुक, टिकल्या, बटणं. प्रयोग चालू असताना नट धावत येतो, छातीवरचं बटण तुटलेलं असतं, पुढच्या एंट्रीला तो पुन्हा दिव्यात उभा राहणार असतो. अशा वेळी पाकिटावरचं नाव वाचत बसायला कुणाला वेळ असतो? अंधारात हात गेला पाहिजे: पिवळं पिवळ्यात, पांढरं पांढऱ्यात. निवृत्त झाले तरी हाताची सवय कुठे निवृत्त होते? गोळ्यांच्या चंदेरी पट्ट्या मला कधी आवडल्या नाहीत, बोटं दुखतात फोडताना. दुकानातून आणल्या की बसून सगळ्या फोडायच्या आणि रंगाप्रमाणे डब्यात. आणि डबे कुठे, तर अर्थातच बटणांच्या फळीवर, बटणांच्या डब्यांच्या रांगेत.

पिवळी गोळी तुला आठवत असेल. माझी जन्माची सोबतीण. कपडेपटात धूळ, लोकर, पिसं, डांबरगोळ्यांचा वास, आणि माझं हे नाक. एकदा नायिका मरत होती, सगळं नाट्यगृह श्वास रोखून बसलं होतं आणि मी विंगेत अशी शिंकले की मेलेली नायिका दचकली. दिग्दर्शकांनी दुसऱ्या दिवशी स्वतः ती पिवळी गोळी आणून दिली. म्हणाले, “बाई, हवी तर झोपा, पण शिंकू नका.” आणि झोप यायचीच. एका झग्याची बाही मी उलटी लावली होती त्या दिवसांत, ज्या राजाने तो घातला त्याचा हात अख्ख्या अंकात वर होईना. पण तेव्हा मी तरुण होते. झोप यायची आणि जायची.

पांढरी गोळी गेल्या वर्षी आली. हातापायांना खाज सुटायची, त्वचेच्या डॉक्टरांनी लिहून दिली. त्यांनी विचारलं होतं, दुसरं काही घेता का? मी म्हटलं, रक्तदाबाची. नाकाची गोळी मला औषध वाटतच नव्हती. इतकी वर्षं घेत होते, ती चष्म्यासारखी झाली होती. चष्मा कुणी औषधात मोजतं का? मग हिवाळ्यात वरच्या मजल्यावरच्या मावशी रोज रात्री आपल्या बाटलीतून चमचाभर खोकल्याचं गोड औषध आणून द्यायला लागल्या, “अहो, एका चमच्याने छाती मोकळी होते, आणि डोळा असा लागतो!” आणि निळी गोळी. तिचं नंतर सांगते.

तर पिवळी नाकाची, पांढरी खाजेची, निळी झोपेची, औषध खोकल्याचं. चार वेगळी कामं, चार वेगळे रंग. मी मोठ्या शिस्तीने घेत होते. जसजशी घ्यायला लागले तसतसं तोंड कोरडं पडायला लागलं, जीभ टाळूला चिकटायची. वाचताना अक्षरं पसरायची. लघवीला तासन्‌तास बसावं लागायचं, पोट साफ व्हायचं नाही. कुणाला सांगणार हे? म्हातारपण म्हटलं आणि गप्प बसले. मग जाळीचा पडदा खाली आला, आणि त्यानंतर मला डब्यांचंही भान राहिलं नाही. घेतली का नाही ते आठवायचं नाही, म्हणून पुन्हा घ्यायची.

ताईने मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं तेव्हा त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, आजी जे जे तोंडात घालतात ते सगळं घेऊन या. डॉक्टरांनी दिलेलं, न दिलेलं, शेजारणीने दिलेलं, मलमं, थेंब, काढे, सगळं. ताईने अख्खं कपाट उपसलं. रक्तदाबाची पट्टी, एक वेदनेचं मलम, बस. बटणांच्या फळीकडे ती कशाला बघेल? जन्मल्यापासून तिने तिथे बटणंच पाहिली आहेत. तेव्हा बाईंपुढे जे गेलं त्यावरून त्यांनाही माझ्या मेंदूचाच संशय आला. पुढच्या तपासण्या ठरल्या. दरम्यान तुम्ही दोघांनी खोलीचं ठरवलं.

आणि मग जावईबापूंच्या कोटाचं बटण तुटलं. त्याच ओव्हरकोटाचं, ज्याला मी रंगमंचावर ढकलत होते. तपासणीला निघायच्या सकाळी. ताई मला बूट घालत होती, तेव्हा ते म्हणाले मी लावतो. आता आपले जावईबापू माणूस लाखातला, मोटार शिकवताना शिकणाऱ्याने गाडी कुंपणात घातली तरी “छान, आता मागे घ्या” म्हणतात, पण सुईदोऱ्याशी त्यांचं काही नातं नाही. त्यांनी फळीवरचा पांढरा डबा उघडला, एक पांढरं ‘बटण’ निवडलं आणि सुई ओवून बसले. त्याला भोकच सापडेना. उलटं केलं, सुलटं केलं, चष्मा लावला, उजेडात धरलं. मला हाक मारून म्हणाले, “आई, तुमच्या या बटणाला दोरा कुठून घालायचा?” मी शहाण्यासारखं उत्तर दिलं म्हणे, “ते गिळायचं असतं.” ताईच्या हातातला बूट खाली पडला.

त्या तपासणीला आम्ही तिन्ही डबे घेऊन गेलो, आणि ताईने धावत वर जाऊन मावशींची बाटलीही आणली. हे मला अंधुक आठवतं, नंतर ताईने पुन्हा पुन्हा सांगितलं म्हणून पक्कं झालं. बाईंनी औषधवाल्याला बोलावून घेतलं, त्याने एकेक गोळी भिंगाखाली धरून तिच्यावरचं बारीक खोदकाम वाचलं आणि नावं सांगितली. बाईंनी ट्रेमध्ये पिवळी, पांढरी, निळी अशी रांग लावली, शेवटी बाटली. मग त्यांनी बाटलीवरची बारीक अक्षरं पुन्हा एकदा वाचली. ताईला वाटलं, संपलं. त्या म्हणाल्या, “ही सगळी एकाच घरातली आहेत. ॲलर्जीची जुन्या पद्धतीची औषधं. बाटलीत आणि पिवळ्या गोळीत तर तेच एक औषध आहे, उरलेल्या दोन त्यांच्या सख्ख्या बहिणी. आजी एकच गोष्ट चार वेळा घेत होत्या.”

हे मला नंतर, शुद्धीवर आल्यावर कळलं, आणि मी इतकी हसले की ताई घाबरली. अगं, म्हटलं, ही तर माझीच युक्ती! नट कमी पडले की मी हेच करायची. एकच माणूस पहिल्या अंकात पहारेकरी, दुसऱ्यात वैद्य, तिसऱ्यात भिकारी. पिवळा अंगरखा, पांढरा डगला, निळी चादर. प्रेक्षकाला वाटतं तिघं आहेत. आयुष्यभर मी लोकांना असं फसवलं, आणि शेवटी एक नट वेष बदलून माझ्या पोटात चार वेळा शिरला आणि मी त्याला ओळखलं नाही. बाईंनी मला एक गोष्ट पाठ करायला लावली आहे, ती तूही कर: डब्यावरचं मोठ्या अक्षरातलं नाव म्हणजे कपडे. खाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं, तो आतला माणूस. दोन डब्यांत आतला माणूस एक, किंवा एकाच कुळातला असला, तर दोन्ही एकदम घ्यायचं नाही. सर्दीच्या, खोकल्याच्या आणि झोपेच्या औषधांत तो हमखास लपलेला असतो. कळत नसेल तर औषधवाल्याला विचारायचं, त्याला हेच काम आहे.

पण खरं नवल पुढे आहे. बाईंना मी विचारलं, नाकाची गोळी डोक्यात कशाला गेली? त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि सांगितलं, आणि तेव्हापासून मी हे कुणाला सांगू असं मला झालं आहे. म्हणाल्या, धूळ नाकात शिरली की शरीराला वाटतं शत्रू आला. मग ते एक द्रव्य सोडतं, ते जाऊन नाकाची, डोळ्यांची, कातडीची दारं ठोठावतं. उठा, शिंका, पाणी काढा, खाजवा! गोळी जाऊन त्या दाराच्या कुलपात बसते, मग ठोठावणाऱ्याला दार उघडता येत नाही. इतकंच. पण तेच द्रव्य, बटण्या, अगदी तेच, वर मेंदूतही असतं, आणि तिथे त्याचं काम काय माहीत आहे? आपल्याला जागं ठेवणं. ज्याने मला आयुष्यभर शिंकायला लावलं, ज्याला मी इतकी वर्षं शिव्या दिल्या, तेच रोज सकाळी मला हाक मारून उठवत होतं! नव्या गोळ्या बहुतेक खालच्या दारांवरच थांबतात. जुन्या मात्र वर चढतात आणि तिथलीही कुलपं लावतात. शिवाय जाता जाता शेजारचं आणखी एक दार लावून घेतात, ज्यातून आठवणी ये-जा करतात, ज्याने तोंडाला पाणी सुटतं. तरुणपणी शरीर त्या गोळ्या झटकून टाकतं. माझ्या वयात त्या आत रेंगाळतात, एकीवर एक साठत जातात. माझं काही हरवलं नव्हतं. सगळं आत होतं, नीट घडी करून ठेवलेलं, फक्त कपाटांना बाहेरून कुलूप होतं.

बाईंनी सगळं एकदम बंद केलं नाही. त्यांनी सांगितलं तसं, एकेक करत, आणि मधेमधे बघत. मनाने काही करू नका म्हणाल्या, घ्यायचंही नाही आणि सोडायचंही नाही. मग ते परत यायला लागलं. कसं सांगू तुला? आधी तोंडाला पाणी आलं. साधा पाव होता, आणि मी तो चघळत बसले, कारण त्याला चव होती. मग एका सकाळी खिडकीतून समोरच्या इमारतीच्या विटा दिसल्या, एकेक वेगळी. मला वाटलं त्यांनी भिंत धुतली. मग आवाजांना माणसं चिकटायला लागली. ताई समोर बसून पडद्याला टीप घालत होती, मला दाखवायला, माझं मन रमावं म्हणून. मी बराच वेळ बघत होते. मग माझ्या तोंडून निघालं, “उसव ते. दोरा ओढला गेलाय, उद्या चुण्या पडतील.” तिने मान वर केली. माझ्याकडे बघतच राहिली. मी म्हटलं, “बघतेस काय? तुला शिकवलं ते विसरलीस का?” तिने खरंच सगळी टीप उसवली आणि रडत रडत पुन्हा घातली. यावेळी सरळ घातली.

त्यानंतर मी एकदा बटणांचे डबे टेबलावर रिकामे केले. खरी बटणं रे, गोळ्या औषधवाल्याकडे परत गेल्या. एकेक हातात घेतलं आणि प्रत्येकाने आपलं नाव सांगितलं. हे न्यायाधीशाच्या डगल्याचं. हे त्या आंधळ्या बहिणीच्या झग्याचं, जिला शेवटच्या अंकात दिसायला लागतं. हे सेनापतीचं, तुझ्या पोटातून आलेलं. मी कुणालाच बोलावलं नव्हतं, सगळे आपणहून आले. एवढ्याशा जागेत, या दोन कानांच्या मध्ये, इतकी माणसं मावतात, आणि चिमूटभर भुकटीने ती सगळी गप्प होतात, आणि भुकटी काढली की पुन्हा बोलू लागतात. माझं आयुष्य नाटकात गेलं, पडदे वर जाताना किती पाहिले. असा कधी पाहिला नव्हता.

बाई सावध आहेत, तेही लिहिते, नाहीतर म्हणशील आई फुगवून सांगते. वयाचं विसरणं राहील, चावी कुठे ठेवली ते मी विसरतेच आहे. काही महिन्यांनी पुन्हा बघणार आहेत. नाकासाठी आता एक फवारा दिला आहे, आणि गरज पडलीच तर नव्या पद्धतीची एक गोळी, दिवसातून एकदाच, तीही माझं मूत्रपिंड तपासून. गोळ्या मूळ पट्टीतच राहतात. जावईबापूंनी फळीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली आहे: ‘फक्त बटणं’. शिंका येतात. दोन आल्या की मी मनात म्हणते, जागी आहे.

आता निळ्या डब्याचं. ताई म्हणाली होती, ते धाकट्याला कळवायचं नाही. तिने ती तू पाठवलेली निळ्या गोळ्यांची रिकामी बाटली कापडात गुंडाळून ठेवून दिली. पण तू मूर्ख नाहीस, इथपर्यंत वाचताना तुला कळलंच असणार. मी फोनवर म्हटलं होतं की झोप येत नाही, आणि तू तिथल्या दुकानातून त्या निळ्या गोळ्या पाठवल्यास. चिठ्ठीविना सहज मिळतात, अगदी निरुपद्रवी, म्हणालास. चूक तुझी नाही. पिवळी मी अजूनही घेत होते हे तुला माहीत नव्हतं, आणि चार हातांनी प्रेमाने दिलेली चार औषधं माझ्या पोटात भेटतील हे कुणालाच माहीत नव्हतं. याचं ओझं घेऊन फिरलास तर मला आवडणार नाही. खोलीचं तर तू येऊन मला पाहशील आणि ठरवशील, त्याची मला आता भीती वाटत नाही. मी हे पत्र त्यासाठी लिहायला बसलेच नव्हते. तू तेव्हा आणखी एक वाक्य बोलला होतास, ते मला धुक्यातही ऐकू आलं होतं आणि परवा अचानक आठवलं: “मी स्वतः घेतो आई, पाळी संपवून आलो की. कधी दोन, धान्याची धूळ असली की. मस्त झोप लागते.” बटण्या, तुझं नाक माझंच आहे. आणि तू बंदरावर त्या उंच क्रेनच्या काचेच्या खोलीत बसतोस, खाली माणसं चालत असतात, आणि तुझ्या हाताशी घराएवढी पेटी लोंबकळत असते. बाईंना मी आज सकाळी माझ्याआधी तुझं विचारलं. त्या म्हणाल्या, त्या गोळीचा अंमल दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो, आणि आपण जागे आहोत असं वाटत असतानाही हात उशिरा हलतो. बिअर घेतलीस तर आणखी. रोजची झोप यावी म्हणून ती घ्यायचीच नाही. शिंकांसाठी तिथल्या डॉक्टरांना भेट, तुझं काम सांग, नवी गोळी मागून घे, सांगितली तेवढीच घे, आणि पहिल्यांदा घेशील ती सुट्टीच्या दिवशी, क्रेनवर चढायचं नसेल तेव्हा. आणि कधी ओठ, जीभ सुजली किंवा श्वास अडला, तर गोळीची वाट बघायची नाही, सरळ इस्पितळ. जाळीच्या पडद्यामागे बसलेल्याला पडदा दिसत नाही रे, हे मी तिथून येऊन सांगते आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू ‘हो हो आई’ म्हणून ठेवून दिला असतास. पत्र खिशात राहतं. पुढच्या आठवड्यात तू येशील. ताई स्टेशनवर येईल, मी घरीच थांबेन, कारण तुझ्या जाकिटाचं अस्तर तोवर पुरं करायचं आहे आणि बाह्या तुला घालूनच मापाव्या लागतील. घंटा वाजली की दार मी उघडणार आहे, कुणी मधे यायचं नाही. तुला बघून काय म्हणायचं ते ठरवून ठेवलं आहे: “बटण्या, किती वाळलास. ये आत, हात पसर.”

जागी असलेली,
तुझीच आई